बाळाच्या खोलीतला वास झाकायचा की घालवायचा?

बाळ घरात आलं की घराला एक नवा वास येतो. दुधाचा, तेलाचा, बाळंतशोपाचा, दुपट्यांचा आणि या सगळ्यात मिसळलेला शी-शूचा. आपल्या आज्यांना या वासाचं काही वाटत नसे. दोरीवर बाळुती वाळताहेत म्हणजे घर भरलं, असं त्या मानायच्या. आता मात्र बाळ बघायला पाहुणे यायचे म्हटलं की घरातली बाई आधी उदबत्ती शोधते, नाहीतर फवाऱ्याची बाटली. डायपरचा वास कोणाला येऊ नये, हे एक नवंच ओझं आईच्या डोक्यावर येऊन बसलंय.

बाळाच्या खोलीतला वास 'नैसर्गिक' उपायांनी कसा घालवावा, यावर हल्ली पुष्कळ सल्ले मिळतात. त्यातले बरेचसे बाळाला वेगळी खोली असते असं धरून चाललेले असतात. इंग्रजीत त्या खोलीला नर्सरी म्हणतात. आमच्याकडे नर्सरी म्हटलं की एकतर रोपं मिळण्याची जागा आठवते, नाहीतर लहान मुलांची शाळा! आमचं चितेगाव पैठण रस्त्यावरचं. इथे कारखाने आले आणि गाव वाढलं. चितेगाव म्हटलं की अजून अनेकांना व्हिडिओकॉनच आठवते. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण कामासाठी आलेल्या माणसांच्या भाड्याच्या खोल्या गावात आहेतच. दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, ओट्यावर गॅस आणि छताच्या हुकाला झोळी. स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बाळाची नर्सरी असं सगळं त्यातच. अशा घरात वासाचा प्रश्न टापटिपीपुरता राहत नाही. ज्या हवेत फोडणी होते, बाप रात्रपाळी करून झोपतो, तीच हवा बाळ चोवीस तास आत घेत असतं.

बचत गटाच्या निमित्ताने मी या खोल्यांमधून फिरते. तिथे जे पाहते त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. वास घालवण्यासाठी आपण जे करतो, त्यातलं निम्म्याहून अधिक फक्त वास झाकणं असतं आणि झाकण्याचे काही प्रकार मूळ वासापेक्षा बाळाला जास्त वाईट असतात.

वास येतो कुठून?

ताज्या शूला फारसा वास नसतो. शूमध्ये युरिया असतो. कापडावर किंवा डायपरमध्ये ती तशीच राहिली की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. सकाळी रात्रभरचा डायपर काढताना नाकाला झोंबतो तो हाच. जितका उशीर तितका वास जास्त. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला सौम्य, आंबूस वास असतो. सहा महिन्यांनंतर वरण-भात, खिचडी, केळं सुरू झालं की तिचा वास मोठ्या माणसांसारखा होतो. आणि शी व शू एकत्र जास्त वेळ राहिली, की वासाबरोबर बाळाची कातडीही सोलवटते. म्हणजे जे नाकाला नको असतं, ते बाळाच्या कातडीलाही नको असतं.

एवढं कळलं की अर्धा उपाय हातात येतो. वासाचा खरा मित्र म्हणजे साचलेला वेळ आणि साचलेली ओल. ती दोन हटवली की सुगंधाची गरजच उरत नाही. डायपर ओला दिसो न दिसो, दर तीन-चार तासांनी बदलायचा आणि शी केली तर लगेच. 'बारा तास कोरडा' असं पाकिटावर छापलेलं असतं. पण कोरडा दिसला म्हणजे स्वच्छ आहे असं थोडंच असतं?

आणखी एक गंमत सांगते. घरातल्या बाईला हा वास येईनासा होतो. नाक थोड्याच वेळात सरावतं. त्यामुळे 'माझ्या घरात कुठे येतो वास?' असं म्हणून भागत नाही. बाहेरून घरात पाऊल टाकल्यावर पहिल्या श्वासाला जो येतो, तो खरा.

झाकण्याचे प्रकार

पहिला प्रकार धुराचा. ओवा, वेखंड, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला निखाऱ्यावर टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची, ही आपली जुनी रीत. ती देणाऱ्या हातांमध्ये माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण ती रीत वाडा, पडवी, कौलांच्या फटी असलेल्या घरातली आहे. सिमेंटच्या बंद खोलीत तोच धूर कोंडतो. कोळशाची शेगडी दार-खिडकी लावून पेटती ठेवली तर त्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो आणि माणसं झोपेतच दगावतात. धूर मुळात लेकरांच्या छातीला वाईट. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की चुलीच्या नि इंधनाच्या धुराने घरातली हवा खराब होते, त्यामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची लेकरं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती. आपली धुरी रोज घटकाभरच असते हे खरं. पण ती बाळाच्या तोंडाशी असते. उदबत्तीचा आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्यातलाच. देवापुढे उदबत्ती लावायची तर लावा, पण बाळ त्या वेळी दुसऱ्या दाराला, अंगणात असू द्या. सासूबाईंशी भांडण काढायची गरज नाही. 'आई, धुरी बाळुत्यांच्या रिकाम्या टोपलीला द्या, लेकराला नको,' असं म्हटलं की निभतं.

दुसरा प्रकार कापूर आणि डांबर गोळ्यांचा. 'कापूर नैसर्गिकच की!' असं म्हणून बायका पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधतात. कापराचा छोटा तुकडा बाळाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते. नाकाजवळ तो ठेवणंही तान्ह्याला बरं नाही. निलगिरीच्या तेलाचंही तसंच. डांबर गोळ्या तर बाळाच्या कपड्यांच्या आसपासही नकोत. काही लेकरांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची कमतरता असते. ती बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला डांबर गोळीचा वास लागलेली दुपटी गुंडाळली तरी त्याच्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. बाळंतविड्याची दुपटी ट्रंकेतून काढली की धुऊन, उन्हात वाळवूनच वापरायची, ती यासाठी.

तिसरा प्रकार पावडरीचा आणि फवाऱ्याचा. पावडरीचा धुरळा बाळाच्या छातीत जातो आणि मांडीच्या वळ्यांमध्ये ओल धरून तिचा चिखल होतो. फवारा तर वास काढतच नाही, त्याच्यावर दुसरा वास बसवतो. अमोनिया आणि मोगरा दोन्ही एकदम हुंगायला मिळतात, एवढंच!

साधे उपाय, नीट केलेले

मग करायचं काय? आधी हवा. 'बाळाला वारं लागेल' म्हणून बाळंतिणीची खिडकी सव्वा महिना बंद ठेवतात. बाळाला कुंची-टोपरं घाला, झोळी झोताच्या आड घ्या, पण सकाळ-संध्याकाळ दार आणि खिडकी एकाच वेळी उघडा. कोंडलेली हवा गेली की निम्मा वास जातो. याला पैसाही लागत नाही.

दुसरं, बाळुती. शी आधी संडासात गेली पाहिजे, मोरीत नाही. 'तान्ह्याच्या शीला कसली आली घाण' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण लेकराच्या शीतही रोगजंतू असतात आणि मोरीतून ते स्वयंपाकाच्या भांड्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. शी झटकली की बाळुतं आधी थंड पाण्यातून काढायचं. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, गरम पाणी आणि शेवटी भरपूर खळबळणं. ओली बाळुती झाकणाच्या बादलीत दोन-दोन दिवस साठवू नयेत. झाकण उघडल्यावर जो भपका येतो तो आपणच तयार केलेला असतो.

आमच्या भागात बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळाच. पाणी जड, साबणाला फेस येत नाही. म्हणून बाई साबण आणखी घालते. तो साबण नि पाण्यातला क्षार कापडात बसतो, बाळुतं कडक होतं आणि त्या थरात वास अडकतो. धुतलेलं बाळुतं कोरडं असताना वास येत नाही, पण बाळाने शू केली की लगेच झोंबतं. असं होत असेल तर दोष बहुधा या थराचा असतो. त्यावर साबण वाढवणं हा इलाज नाही. धुताना चिमूटभर धुण्याचा सोडा घातला तर पाणी हलकं होतं आणि साबण कमी लागतो. मात्र हा सोडा हाताला लागतो, म्हणून जपून. कधीमधी शेवटच्या अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून त्यातून बाळुती काढावीत. अमोनिया अल्कली असतो, आंबटाने तो मरतो, हे त्यातलं साधं शास्त्र. व्हिनेगर नसेल तर गाळून घेतलेल्या लिंबाच्या रसानेही थोडंफार काम होतं. कापड मऊ करणारी सुगंधी औषधं मात्र बाळुत्यांना वापरू नयेत. त्यांचा मेणचट थर बसतो आणि कापड ओल शोषेनासं होतं.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फसफसतं. बघायला छान वाटतं, पण दोघांनी एकमेकांना मारलेलं असतं, उरतं ते खारट पाणी. वापरायचं तर वेगवेगळं, वेगवेगळ्या वेळी. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबू कधीही पडू देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. शूच्या बाळुत्यांवर ब्लीचिंग टाकलं तरी अमोनियाशी मिळून डोळे आणि घसा जाळणारा वायू तयार होतो. बंद मोरीत तर हे अजिबात नको.

तिसरं, ऊन. मराठवाड्यात दुसरं काही कमी असेल, ऊन कमी नाही! उन्हाने ओल जाते आणि जंतूही मरतात. गादी, उशी, मेणकापड, गोधडी हे सगळं आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी उन्हात घालायचं. गादीवर शू झाली तर आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपून घ्यायची. मग त्या जागेवर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा, सकाळी झटकायचा आणि गादी बाहेर टाकायची. बाळाला त्या गादीवर आणि त्या झटकलेल्या धुरळ्यात ठेवायचं नाही. आणि हा सोडा बाळाच्या अंगाला, लंगोटात, डायपरच्या आत कधीच नको. तान्ह्याची कातडी पातळ असते, सोडा अंगात मुरतो आणि रक्ताचा तोल बिघडू शकतो.

पावसाळ्यात ऊन नसतं. तेव्हा बाळुती पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवावी. दमट बाळुत्यांची घडी घालू नये. फडक्यात बांधलेला लाकडी कोळसा कोपऱ्यात ठेवला तर थोडा वास शोषला जातो. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी टोपलीशी ठेवायलाही हरकत नाही. पण कोळसा आणि कडुनिंब हे मदतनीस. घाण तशीच ठेवून त्यांच्यावर विसंबून राहिलात तर उपयोग शून्य.

वास काही सांगतोही

वास झाकू नये म्हणते, त्याचं आणखी एक कारण आहे. बाळाला बोलता येत नाही. त्याच्या तब्येतीची खबर आईला मिळते ती रडण्यावरून, पिण्यावरून आणि शी-शूवरून. अंगावर व्यवस्थित पिणारं बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून निदान सहा वेळा शू करतं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत शू कमी झाली, पिवळी झाली, तिचा वास उग्र झाला, तर बाळाला पाणी कमी पडतंय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तेव्हा वरचं पाणी न देता जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि बाळ मलूल वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. शूला घाण वास आणि सोबत ताप असेल तर लघवीच्या मार्गात जंतू झालेले असू शकतात. शीला एकाएकी आंबट-कुजका वास आणि पातळपणा आला तर जुलाबाची सुरुवात असते. सुगंधी डायपर, सुगंधी पुसणी आणि वर फवारा अशा घरात ही खबर आईपर्यंत पोचतच नाही. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. त्यांना चहा विचारतो तसा हा प्रश्नही विचारा, 'ताई, याच्या शी-शूचा वास ठीक आहे का?' त्यात लाजायचं काय?

कापड की डायपर?

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे ताईंचं म्हणणं, पुन्हा बाळुतीच धुवा!' मला तसं म्हणायचं नाही. बाळुती धुवायला पाणी लागतं आणि मराठवाड्यात पाणी ही काय चीज आहे ते आपल्याला कोणी सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्यापासून जायकवाडीचा नाथसागर काही फार लांब नाही, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी घरं मी जाणते. ज्या बाईला प्यायचं पाणी डोक्यावर आणावं लागतं, तिला 'नैसर्गिक राहा, कापडच वापरा' असा उपदेश करणं शोभत नाही. कंपनीत पाळीला जाणाऱ्या आईला, किंवा ओली बाळंतीण असून घरात दुसरं कोणी नसलेल्या बाईला डायपरने श्वास घ्यायला उसंत दिलीय, हे मान्य केलंच पाहिजे.

मधला मार्ग आहे. दिवसा घरात असताना सुती लंगोट आणि थोडा वेळ नुसतंच मोकळं, रात्री आणि प्रवासात डायपर. कातडीला हवा लागते, पैसे वाचतात, कचरा कमी होतो. बाळुत्यांच्या शेवटच्या खळबळण्याचं पाणी जमिनीला नि संडासात टाकायला वापरता येतं. कुणाला किती जमेल हे ज्याच्या त्याच्या हंड्या-कळशीवर.

दाराबाहेर गेलेला वास

आता सगळ्यात अवघड भाग. डायपर घरातून बाहेर टाकला, खोलीत वास येईनासा झाला. पण तो गेला कुठे?

संध्याकाळी पैठण रस्त्याच्या कडेने चालत गेलं तर उत्तर मिळतं. काळ्या-पांढऱ्या पिशव्या, त्या फाडणारी कुत्री आणि फुगलेले डायपर. डायपरच्या आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी पूड असते, बाहेरून प्लास्टिक. ते शेणासारखं कुजत नाही. संडासात टाकलं तर फुगून नळी आणि टाकी तुंबते. जाळलं तर प्लास्टिकचा धूर होतो, तो परत आपल्याच खिडकीतून आत येतो. काहीजणी तर 'लेकराची शी जाळू नये, त्याला बाधतं' म्हणून ओढ्यात टाकून येतात. पाणी वाहून नेईल, हा समज. पुढच्या वस्तीला ते पोचतं, इतकंच.

आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्याचं काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. त्या वेळच्या औरंगाबाद शहराचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरातल्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साठले. कचरा दुसरीकडे टाकायला निघाले तेव्हा ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. वास सहन करायची पाळी आपल्यावर आल्यावर शहराला नारेगावच्या लोकांचं दुःख कळलं. त्या ढिगांमध्ये आपल्या घरातले डायपर होतेच ना?

आणि ते उपसणारे हात कोणाचे, हेही पाहू. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. तिथल्या बायका घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात आणि त्यात उघडे पॅड नि डायपर हाताला लागतात. २०१३ साली त्यांनी एक जोरदार गोष्ट केली. वापरलेले पॅड पोत्यांमध्ये भरून ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना परत पाठवले! 'तुम्ही नफा कमावता, विल्हेवाट आम्ही लावायची का?' असा त्यांचा सरळ सवाल होता. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या त्या शिवतात-चिकटवतात, पॅड-डायपर त्यात गुंडाळावेत म्हणून. पुढे गुंडाळलेल्या पुडक्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडताच आत काय आहे ते कळेल, अशी मोहीमही त्यांनी चालवली. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये डायपर आणि पॅड गुंडाळून द्यायचे आणि त्यासाठी बनवणाऱ्या कंपन्यांनी पाकिटासोबत पुडी द्यायची, असं लिहिलं गेलं. आपल्या किराणा दुकानातल्या डायपरच्या पुड्यात ती गुंडाळायची पुडी निघते का, जरा बघा आणि दुकानदाराला विचारा.

आपण घरी करण्यासारखं साधं आहे. डायपर बदलला की शी संडासात झटकायची. डायपरची आतल्या बाजूला घट्ट वळकटी करून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करायचा. जुन्या पेपरात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यायचा. झाकणाच्या वेगळ्या डब्यात, खोलीबाहेर ठेवायचा आणि रोजच्या रोज घंटागाडीत वेगळा द्यायचा. शी काढलेला, घट्ट वळलेला डायपर फारसा वास मारत नाही. म्हणजे जे सफाई करणाऱ्या बाईसाठी चांगलं, तेच आपल्या बाळाच्या खोलीसाठीही चांगलं. वेगळं काही करावं लागतच नाही.

पण घंटागाडीच येत नसेल तर? तिथे एकट्या आईला दोष देऊन चालणार नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गावोगावी गल्ल्या झाडल्या गेल्या, संडास बांधले गेले. तेव्हा खेड्यात डायपर फारसा नव्हताच. आता प्रत्येक वाडीवर, तांड्यावर, टपरीत एकेक डायपर सुटा विकत मिळतो. गावाच्या कचऱ्याच्या हिशेबात तो कुठे आहे? ग्रामसभेत रस्ता, दिवा, पाणी यांवर आवाज चढतात. डायपर आणि पॅडचा विषय निघाला की बाया पदर सावरतात आणि पुरुष घड्याळ बघतात. हा विषय लाजेचा करून ठेवला, म्हणून तो रस्त्याच्या कडेला जाऊन पडलाय.

बाबांचं काय?

शेवटचा मुद्दा घरातल्यांसाठी. 'तुझी बाळुती धुतली आहेत मी!' हे वाक्य आपल्याकडे आई, आजी, मावशी, आत्या मोठ्या हक्काने म्हणतात. एखाद्या बापाच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय कधी? मी तरी फार क्वचित. वासाचा खरा मित्र वेळ आहे, हे वर म्हटलंच. रात्री दोनला शी झाली आणि टाके ओले असलेली बाई उठेपर्यंत अर्धा तास गेला, तर वास वाढणारच. शेजारी झोपलेला माणूस उठला तर तो पाच मिनिटांचा प्रश्न आहे. कोणत्याही सोड्यापेक्षा आणि व्हिनेगरपेक्षा हा उपाय जास्त नैसर्गिक नाही का? आमच्या गटातल्या एका मुलीचा नवरा दुसऱ्या पाळीहून आला की मोरीतली बाळुती धुऊन वाळत घालतो. शेजारचे हसायचे. तो म्हणाला, 'कंपनीत दिवसभर मशीनचं तेल धुतो, पोराचं धुतलं तर काय बिघडलं?' आता हसत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, पाहुणे येणार म्हणून उदबत्ती शोधू नका. खिडकी उघडा, ओलं ते उचला, उन्हात घाला, डायपर गुंडाळून वेगळा द्या. नवऱ्याला रात्रीची एक पाळी द्या. आणि येत्या ग्रामसभेला पाच-सहाजणी मिळून जा, विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालायला लावा. गावात पॅड-डायपरसाठी वेगळा डबा आणि तो नेणारी गाडी हवी, ती नेणाऱ्या माणसाला हातमोजे हवेत. तुमच्या गावात यावर काही केलं असेल तर आम्हालाही कळवा, आम्हीही आमच्याकडे करून बघू.